चाळिशीनंतरचा अभ्यास आणि घरचा स्वयंपाक: ठाणे-नवी मुंबईत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात नौपाड्यात राहते. मुलं मोठी झाल्यावर मी राहिलेली पदवी पूर्ण केली. तेव्हापासून इमारतीतल्या, भिशीतल्या, नात्यातल्या बायका आणि काही पुरुषही प्रश्न घेऊन येतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत. एक मत आधीच सांगते, कारण पुढची बरीच उत्तरं त्यावर उभी आहेत. अभ्यासाचा वेळ झोपेतून काढायचा नाही, स्वयंपाकघरातून काढायचा; आणि तोही चोरून नाही, घरात सगळ्यांना सांगून.

वय ४७ आहे. आता वाचलेलं लक्षात राहील का?

राहील. फक्त शाळेसारखं एकदा वाचून भागणार नाही. हेरमान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरजोड्या स्वतः पाठ करून आपण किती वेगाने विसरतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. पाठ केल्यावर सुरुवातीच्या काही तासांत आणि पहिल्या एक-दोन दिवसांत सगळ्यात जास्त विसरायला होतं, पुढे तो वेग मंदावतो. पुन्हा पाठ करायला घेतलं की पहिल्यापेक्षा कमी मेहनत लागते. त्या वेळी ते पस्तिशीचे होते. म्हणजे दुसऱ्या दिवशी धडा कोरा वाटला तर लगेच वयाला दोष देऊ नका, तरुणांचंही तसंच होतं.

उपाय सोपा आहे. धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि काय वाचलं ते स्वतःला सांगायचं. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना आठवून बघायचं. अडलं तिथेच पुस्तक उघडायचं. मग दुसऱ्या दिवशी एकदा, आठवड्याने एकदा. नावं आणि सनावळ्या पाठ व्हायला वयानुसार थोडा जास्त वेळ लागतो, हे खरं आहे. पण वर्षानुवर्षं घरखर्चाची वही लिहिणाऱ्या बाईला महागाईवरचा धडा समजावून सांगावा लागत नाही.

वयाची वरची अट असते का?

दहावी, बारावी आणि मुक्त विद्यापीठातली साधी पदवी यांना वरची वयोमर्यादा नाही.

दहावीच राहिली आहे. १७ नंबर फॉर्म भरू की मुक्त विद्यालयातून करू?

ठाण्यात सगळ्यात जास्त गोंधळ याच प्रश्नावर होतो, म्हणून सविस्तर सांगते.

१७ नंबर फॉर्म म्हणजे राज्य मंडळाची दहावी किंवा बारावी खासगी विद्यार्थी म्हणून देणं. पेपर, पुस्तकं, निकाल सगळं शाळेतल्या मुलांसारखंच. अर्ज ऑनलाइन भरायचा. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड, फोटो लागतो. मूळ दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. अर्ज करताना एक संपर्क केंद्र, म्हणजे जवळची एखादी शाळा निवडायची. तोंडी परीक्षा, प्रकल्प वगैरे तिथेच होतं. मुख्य परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी अर्ज आदल्या वर्षीच भरावा लागतो. डिसेंबरमध्ये चौकशीला निघाल्यावर वर्ष वाया गेलेल्या बऱ्याच जणी मला माहीत आहेत. पावसाळा सुरू झाला की मंडळाच्या सूचनांवर नजर ठेवा. आपलं मुंबई विभागीय मंडळ वाशीला आहे, म्हणजे ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने साधारण अर्ध्या तासावर. फोनवर उत्तर मिळेना तर सरळ जाऊन या.

दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. ही संस्था १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झाली आणि २००२ मध्ये तिला आताचं नाव मिळालं. एकदा नोंदणी केली की ती ५ वर्षं चालते आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या ९ संधी मिळतात. सगळे विषय एका वेळी द्यायची सक्ती नाही. या खेपेला दोन, पुढच्या खेपेला एक, असं करत पाच विषय पूर्ण करता येतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के गुण लागतात, राज्य मंडळात ३५. दहावी मराठी माध्यमातून देता येते. विषयांमध्ये गृहविज्ञान आहे, त्यात आहार आणि पोषणाचे धडे आहेत. रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला हा विषय जवळचा वाटतो आणि सुरुवातीला तेवढा धीर पुरतो.

याशिवाय आपल्या राज्याचं महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळही आहे. ज्यांची शाळा लहानपणीच सुटली त्यांना तिथे पाचवी आणि आठवीच्या पातळीपासून सुरुवात करता येते.

माझं मत विचाराल तर, घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, नोकरी असेल, गणिताची धास्ती असेल तर एनआयओएस. हातात सलग सहा-आठ महिने असतील आणि शाळेची पुस्तकं आधीच घरात असतील तर १७ नंबर. आणि पूर्वी परीक्षा देऊन एक-दोन विषय राहिले असतील, तर नव्याने काही सुरू करण्याआधी आपल्या जुन्या शाळेत जा. पुनर्परीक्षार्थी म्हणून त्या शाळेमार्फतच राहिलेले विषय देता येतात का, ते आधी विचारा. राज्य मंडळाची पुरवणी परीक्षाही असते.

मी कोपरखैरण्याला राहतो, मार्केटमध्ये माथाडी आहे. पुरुषांनी या वयात दहावी करणं बरं दिसतं का?

दादा, अगदी बरं दिसतं. पहाटेची पाळी असेल तर दुपारी घरी आल्यावर थोडी झोप काढून मग पुस्तक घ्या. दमलेल्या अंगाने वाचायला बसलं की डोळा लागतो आणि उगाच वाटतं की आपल्याला जमत नाही. एनआयओएसमध्ये विषय सुटे देता येतात, तुमच्यासाठी तोच मार्ग सोयीचा. घरच्या बाईंनाही सोबत घ्या. एका घरात दोघांनी एकाच वेळी अभ्यास केला तर पुस्तकं एकच लागतात, आणि मग स्वयंपाकही दोघांचा होतो.

बारावी झाली आहे, पदवी कुठून करावी?

आपल्याकडे मुख्यतः तीन-चार वाटा आहेत.

मराठीतून शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १ जुलै १९८९ ला त्याची स्थापना झाली. पुस्तकं मराठीत, स्वतः वाचून समजतील अशी लिहिलेली. जिल्ह्यात अनेक महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रं आहेत. केंद्र निवडताना घरापासूनचं अंतर बघा, नाव बघू नका. संपर्क सत्राला, म्हणजे केंद्रावरच्या वर्गाला, दोन बस बदलून जायचं असेल तर तिसऱ्या रविवारपासून जाणं बंद होतं.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ पासूनचं. साहित्य मुख्यतः इंग्रजी आणि हिंदीत. प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै सत्रासाठी. सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. बहुतेक अभ्यासक्रमांत ३० टक्के गुण स्वाध्यायाचे आणि ७० टक्के परीक्षेचे. स्वाध्याय हाताने लिहून द्यायचे असतात, आणि मला ही पद्धत फार आवडते, कारण लिहिता लिहिताच निम्मी परीक्षा होऊन जाते. ३ वर्षांची पदवी ६ वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. एखाद्या वर्षी घरात लग्न निघालं किंवा कुणाचं आजारपण आलं, तर हीच सवलत उपयोगी पडते.

मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण १९७१ पासून चालू आहे. आता त्याचं नाव दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र, ठिकाण कलिना. पदवीपत्रावर मुंबई विद्यापीठाचं नाव हवं असेल तर हा पर्याय बघा. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेलं एसएनडीटी महिला विद्यापीठही चौकशीच्या यादीत ठेवा.

प्रवेशाआधी दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना डेब आयडी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, काढावा लागतो आणि त्यासाठी एबीसी आयडी, म्हणजे शिक्षणातले श्रेयांक जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक, लागतो. दोन्ही ऑनलाइन, फुकट. ते आपल्या मोबाइलवर, मुलांना शेजारी बसवून, स्वतः काढा. पासवर्ड आपल्याच वहीत लिहा.

‘एका वर्षात पदवी, घरबसल्या, परीक्षा नाही’ अशी जाहिरात येते. खरं असतं का?

नाही. पैसे देऊ नका. कुठल्याही दूरशिक्षण अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता लागते, आणि मान्य विद्यापीठांची यादी आयोगाच्या संकेतस्थळावर असते. त्या वर्षासाठी, त्या अभ्यासक्रमासाठी नाव आहे का ते बघायचं. मान्यता असलेली दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, त्यामुळे आडमार्गाची गरजच नाही.

दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. काय करू?

जुन्या गुणपत्रिकेवर जे नाव आहे त्याच नावाने पुढचं शिक्षण चालू ठेवणं मला सगळ्यात सोपं वाटतं. गुणपत्रिका, दाखला, पदवी सगळं एका नावात राहतं. अर्जात आधारही लागतं, म्हणून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत याचा पुरावा हवा. विवाह नोंदणी प्रमाणपत्र त्यासाठी चालतं. जुन्या लग्नांची नोंदणी राहून गेलेली असते. ती पालिकेच्या प्रभाग कार्यालयात आजही करता येते. नवं नाव कायमचं लावायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या, त्याचाही अर्ज ऑनलाइन आहे. मधल्या वर्षांत शिक्षण का थांबलं यासाठी काही ठिकाणी खंडाचं प्रतिज्ञापत्र मागतात. ‘घरगुती कारणाने’ एवढं लिहिलं की पुरे. त्यात खजील होण्यासारखं काही नाही.

सगळं ठीक, पण वेळ कुठून काढू? सकाळी डबे, दुपारी आवराआवर, संध्याकाळी पुन्हा ओटा.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईचा खरा प्रश्न हाच असतो. फॉर्म, फी, विषय यांची उत्तरं कुठेही मिळतात.

पहाटे चारला उठा, असा सल्ला सगळे देतात. मी देत नाही. रात्री साडेअकराला ओटा पुसून झोपणारी बाई चारला उठली तर पंधरवड्यात आजारी पडते, आणि मग घरचे म्हणतात, बघ, झेपत नाही तुला. शिवाय वाचलेलं डोक्यात बसायला झोप लागतेच. झोप तशीच ठेवा.

त्याऐवजी एक आठवडा फक्त लिहून काढा: ओट्याशी किती वेळ जातो आणि कशात जातो. खुद्द शिजवण्यात वेळ कमीच जातो. तो जातो चार माणसांना चार वेळेला गरम वाढण्यात, एकाला तिखट आणि एकाला अळणी करण्यात, दोन्ही वेळेला ताज्या पोळ्या लाटण्यात, आणि ‘आज काय करू’ या विचारात. हे चार सोडवले की रोजचा तासभर सहज सुटतो.

वाढण्याची वेळ एक करा. रात्रीचं जेवण साडेआठला. नंतर येणाऱ्याने स्वतः वाढून घ्यायचं, ताट-वाटी स्वतः विसळायची. तिखट-अळणीचा प्रश्न ठेच्याने सुटतो: भाजी बेताची करायची आणि ठेचा ताटात बाजूला. काय करायचं ते रविवारी ठरवून फ्रिजवर लावायचं. कागदावर आलेला बेत घरात कुणीही करू शकतं, डोक्यातला बेत फक्त आईच करू शकते.

आणि घरातल्या प्रत्येकाला कुकर लावता आला पाहिजे. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. तुरीच्या डाळीला अडीच ते तीन वाट्या पाणी, हळद, हिंग, थेंबभर तेल. बारा वर्षांच्या मुलाला हे एका संध्याकाळी शिकवता येतं. वरण-भात तयार मिळाला की उरलेला स्वयंपाक अर्धा तासाचा.

सुटलेला तास लगेच अभ्यासाच्या नावाने राखून ठेवा. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, आणि घरात जाहीर केलेली. पाणी येण्याची वेळ आणि कचरागाडीची वेळ टाळून निवडा. आमच्या भागात दुपारी अडीच ते चार हा वेळ सगळ्यात शांत असतो.

अभ्यासाच्या दिवसांत तुमच्या घरी जेवायला काय असायचं?

साधं, पण पोटभर आणि चवीचं. पुस्तक उघडलं म्हणून घरच्यांना रोज नूडल्स खायला घालणं मला पटत नाही, आणि त्याची गरजही नसते. आपल्या मराठी स्वयंपाकात झटपट आणि सकस पदार्थांची कमी नाही.

थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट डब्यात असलंच पाहिजे. कांदा-कोथिंबीर घालून भाजणी भिजवली की वीस मिनिटांत जेवण तयार, सोबत लोणी नाहीतर दही. पिठलं-भाकरीला तेवढाच वेळ. मुगाच्या डाळीची खिचडी, कढी आणि भाजलेला पापड हा आमचा सोमवार. मटकी सकाळी भिजत घालून रात्री फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड येतात. ठाण्याच्या दमट हवेत उन्हाळ्यात ती आंबूस होते, म्हणून बांधण्याआधी दोनदा धुऊन पाणी पूर्ण निथळू द्यावं, आणि मोड आले की फ्रिजमध्ये टाकावी. एकदा मोड काढले की उसळ एक दिवस, आणि उरलेल्या मटकीची कोशिंबीर दुसऱ्या दिवशी.

रविवारी दीड तास काढून मी चार गोष्टी करून ठेवते: दाण्याचं कूट, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, कांदा आणि सुकं खोबरं भाजून केलेलं काळं वाटण, आणि चिंचेचा कोळ. सुक्या खोबऱ्याचं वाटण फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. ओल्या नारळाचं दोन दिवसांपलीकडे ठेवू नये; जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठवावं. काळं वाटण तयार असेल तर वांगी, शेवग्याच्या शेंगा, अंडी, काळे वाटाणे, कशाचीही रस्सा भाजी पटकन होते. कणीक रात्री मळून झाकून फ्रिजमध्ये ठेवली तरी पोळ्या मऊ होतात, फक्त लाटायच्या अर्धा तास आधी बाहेर काढावी.

जांभळी नाक्याला आठवड्यातून एकदा जाऊन कांदे-बटाटे, भोपळा, कोबी, सुरण अशा टिकाऊ भाज्या आणते. पालेभाजी मात्र घराखालच्या मावशींकडून, लागेल तेव्हा. निवडायला वेळ लागतो म्हणून पालेभाजी बंद करू नका. निवडायचं काम टीव्ही बघणाऱ्या माणसाकडे द्या. भरली वांगी, पुरणपोळी, अळूचं फदफदं हे रविवारी किंवा सणाला. मासे खाणाऱ्यांनी रविवारीच बाजार करून, साफ करून, मीठ-हळद लावून दोन दिवसांचे ठेवावे. तळायला दहा मिनिटं पुरतात.

पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणल्या तर लोक काय म्हणतील?

ठाण्यात नौपाडा, घंटाळी, राम मारुती रोडच्या आसपास पोळी-भाजी केंद्रांवर संध्याकाळी रांगा असतात. त्या रांगेत नोकरी करणारे, एकटे राहणारे आजोबा, बाळंतिणीच्या घरचे सगळे असतात. अभ्यास करणारी बाई त्यात उभी राहिली तर काय बिघडलं? बहुतेक ठिकाणी त्या पोळ्या दुसऱ्या बायकाच लाटतात आणि त्यावर त्यांचं घर चालतं. परीक्षेच्या महिन्यात रात्रीच्या पोळ्या बाहेरून आणाव्या, हे मी प्रत्येकीला आग्रहाने सांगते. त्याचे पैसे शिक्षणाच्या खर्चात धरा, फी आणि पुस्तकांसोबत.

एकदम जास्त करून ठेवलेलं अन्न किती वेळ चालतं?

शिजलेला भात आपल्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजवल्यावरही जिवंत राहतात. भात कोमट अवस्थेत तासन् तास पडून राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. पसरट ताटात भात लवकर निववा आणि फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात करून संपवा. वरण, उसळ, रस्सा नीट उकळी येईपर्यंत गरम करा, आणि एकदाच.

सासूबाई म्हणतात, आता शिकून काय कलेक्टर व्हायचंय?

वाद घालू नका. त्यांच्या मनात भीती असते की घर सुटेल, आपल्याकडे कुणी बघणार नाही. त्यांचं जेवण, औषधं, देवाचं सगळं वेळेवर होतंय हे दिसलं की बोलणं कमी होतं. आणि त्यांना त्यात ओढून घ्या. लोकसाहित्याचा धडा असेल तर जात्यावरच्या ओव्या त्यांना विचारा. इतिहासात स्वातंत्र्यानंतरचा काळ असेल तर रेशनच्या रांगा, गिरणी संप त्यांनी पाहिलेला असतो. माझ्या ओळखीच्या एका ताईंच्या सासूबाई आता रोज दुपारी स्वतः दार लावून घेतात आणि आल्यागेल्याला सांगतात, ‘ती अभ्यासाला बसली आहे.’

नवऱ्याशी मात्र स्पष्ट बोलावं. ‘मदत कराल का’ असं विचारू नये. कोणती कामं कुणाची, ते दोघांनी बसून वाटून घ्यावं.

मुलगी बारावीला आहे. तिच्या वर्षी मी परीक्षा देऊ का?

द्या, पण पेपर एकाच महिन्यात येणार नाहीत असं पाहा. राज्य मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, इग्नूची जूनमध्ये, हे जमतं. एकाच टेबलावर दोघी बसा. तिला न समजलेलं तुम्हाला समजावून सांगायला लावा, तिचीच उजळणी होते.

वर्गात सगळी पोरं असतील, लाज वाटते.

मुक्त विद्यापीठाच्या संपर्क सत्रांत पस्तिशी-चाळिशीचे बरेच जण असतात, हे पहिल्याच रविवारी दिसेल. तरी धीर हवा असेल तर दोन उदाहरणं सांगते.

पार्वतीबाई आठवले या महर्षी कर्व्यांच्या मेहुणी. विशीत वैधव्य आलं, अक्षरओळख मोठेपणी झाली. कर्व्यांच्या आश्रमासाठी त्यांनी गावोगाव फिरून वर्गणी जमवली. इंग्रजी येत नाही ही खंत होती, म्हणून पंचेचाळिशी ओलांडल्यावर, १९१८ मध्ये, त्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या आणि शिकल्या. त्या काळी, एकट्या, मराठी बाई.

दुसरं आपल्याच जिल्ह्यातलं. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. तिथले शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून शाळेत जाऊ लागल्या, पाटीवर आपलं नाव लिहू लागल्या. दिवसभराची घरची, शेताची कामं आवरून.

घरात जागा नाही. एका खोलीत सगळे.

अभ्यासिका शोधा. ठाणे आणि नवी मुंबईत पालिकेच्या, संस्थांच्या अभ्यासिका वॉर्डावॉर्डात आहेत. तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं जास्त दिसतात, पण तुम्हाला कुणी अडवणार नाही. वाचनालयाचं सभासदत्वही घ्या. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून चालू आहे, मराठी साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांना लागणारी संदर्भाची पुस्तकं तिथे मिळतात. घरीच बसायचं असेल तर ओट्याकडे पाठ करून बसा. खरंच फरक पडतो. न घासलेली कढई समोर दिसत राहिली की मन धड्यात राहत नाही.

उत्तरं येतात, पण तीन तास लिहिता येत नाही. हात दुखतो.

वर्षानुवर्षं आपण किराण्याची यादी सोडून काही लिहिलेलं नसतं. त्यामुळे पाठांतर पक्कं असूनही पेपर अपुरा राहतो. परीक्षेच्या तीन महिने आधीपासून रोज एक पान लिहा, मग दोन. शेवटच्या महिन्यात दर रविवारी जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून पूर्ण सोडवा, त्याच खुर्चीवर, मध्ये न उठता. मोबाइल दुसऱ्या खोलीत, गॅस बंद. ज्या पेनने परीक्षा द्यायची त्याच पेनने लिहा. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर येतं तो आधी सोडवा. पहिला प्रश्न पहिल्यांदाच लिहिला पाहिजे असं काही नाही.

सणवारांचं काय?

प्रवेश घेतानाच दिनदर्शिकेवर परीक्षेचे महिने खूण करून ठेवा. एनआयओएसची दुसरी परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे नेमकी दिवाळीच्या तोंडावर. त्या वर्षी फराळ बचत गटाकडून मागवा. घरचं हवंच असेल तर चिवडा आणि एक लाडू पुरे. चकल्या आणि करंज्यांना दिवस मोडतो. एप्रिल-मेची परीक्षा वाळवणावर येते. कुरडया-पापड एक वर्ष विकत घ्या. इग्नूची जूनची परीक्षा देणाऱ्यांनी लोणचं मेमध्येच घालून मोकळं व्हावं. गणपतीत मात्र अभ्यास होत नाही, हे धरूनच वेळापत्रक करा; स्वाध्याय त्याआधी लिहून ठेवा. पाहुणे, आरत्या, नैवेद्य यांत पुस्तक उघडायचा हट्ट केला की अभ्यासही नीट होत नाही आणि सणही.

वाचताना डोकं दुखतं, सतत थकवा येतो.

आधी डोळे तपासा. चाळिशीचा चष्मा टाळत राहणाऱ्या बायका अक्षरांशी झगडतात आणि दोष बुद्धीला देतात. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ या तपासण्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. पाळी जाण्याच्या आसपास झोप मोडते, शब्द पटकन आठवत नाहीत. हे बऱ्याच जणींना होतं, डॉक्टरांशी बोलायला संकोच करू नका. स्वतःचं जेवण सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं खाऊन उरकू नका. घरात अभ्यास करणाऱ्या मुलाला जसं वाढता, तसंच स्वतःला वाढून घ्या.

स्वयंपाकाची आवड आहे. त्यातलंच काही शिकता येईल?

येईल. इग्नूची पोषण आणि आरोग्य शिक्षण या विषयाची १ वर्षाची पदविका बारावीनंतर करता येते. घरात मधुमेह किंवा रक्तदाबाचे रुग्ण असतील तर त्यातलं ज्ञान रोजच्या ताटात वापरता येतं.

आणि नापास झाले तर? एवढं सगळं करून?

एखादा विषय राहू शकतो. एनआयओएस आणि इग्नू दोन्हीकडे पुढच्या सहामाहीत तोच विषय पुन्हा देता येतो, उत्तीर्ण झालेले विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत. निकाल लागल्यावर पहिल्या आठवड्यात पुनर्तपासणीची मुदत बघा, ती थोडी असते. मग पेपरात काय लिहिलं होतं ते आठवून कागदावर उतरवा: उत्तर येत नव्हतं की वेळ पुरला नाही? उत्तर येत नसेल तर धडा पुन्हा वाचा. वेळ पुरला नसेल तर फक्त लिहिण्याचा सराव लागेल, पुस्तक नव्याने सुरू करायची गरज नाही. पुढच्या परीक्षेचा फॉर्म लगेच भरा. आणि घरात ठरलेली अभ्यासाची वेळ मात्र मधल्या काळात कुणाला देऊ नका. एकदा ती वेळ कपड्यांच्या इस्त्रीला गेली की परत मागून घेणं फार जड जातं.